चार जणांचे एक नाव

सकाळचा उजेड आमच्या दुकानात दारातून येत नाही. दार पश्चिमेला आहे. तो मागच्या भिंतीतल्या जाळीतून येतो आणि येताना त्याला कसलीही घाई नसते. आधी तो पत्र्याखालच्या लाकडी आढ्यावर थांबतो. मग टांगलेल्या कुडत्यांच्या खांद्यांवरून एकेक करत उतरतो. पांढऱ्याला किंचित पिवळसर करतो, निळ्याला आहे तसेच ठेवतो. तो शिलाई मशीनच्या चाकाशी पोहोचेपर्यंत आमच्या गावच्या, उंद्रीच्या थांब्यावरून खामगावची पहिली एसटी निघून गेलेली असते. चाकावरून तो जमिनीवर सांडतो, चिंध्यांत, खडूच्या भुकटीत, तुटक्या धाग्यांत पसरतो आणि तेथे जाळीचे चौकोन उमटतात. तासाभरात ते चौकोन दाराकडून माझ्या पायांपर्यंत येतात. त्या रविवारी ते माझ्या पायांवर आले, तेव्हा हातातल्या मोबाइलवर एक सूचना उघडी होती. आज दुपारी बारापर्यंत आपले नाव निश्चित करा.

बारावीच्या वर्षी आम्ही चौघांनी मोबाइलवरच्या गप्पांच्या त्या मंचावर खाती उघडली होती. जीवन, प्रेरणा, हर्षल आणि मी, आसिम. तेव्हा एकच नाव कितीही जणांना घेता येई. मंच प्रत्येकाच्या नावामागे चार आकडे लावी आणि ते आकडे नावावर बोट ठेवल्याशिवाय दिसत नसत. चौघांनीही गावाचे, ‘उंद्री’ हेच नाव घेतले. आकडे निवडता येत होते, म्हणून तिघांनी आपापल्या शेताचा गट नंबर घेतला. आम्हाला शेत नव्हते, अब्बांचे शिवणकाम. मी घराचा क्रमांक टाकला. चित्रही एकच, थांब्यावरच्या पाटीचे. मंचावरचा आमचा चौघांचा गट उघडला की एकाखाली एक उंद्री बोलत असे आणि कोण काय म्हणाले हे आम्ही बोलण्याच्या ढंगावरून ओळखत असू. त्यात एक गंमत होती. आज वाटते, चूकही होती.

आता मंचाने ते आकडे काढून टाकायचे ठरवले होते. यापुढे एक नाव एकालाच, आणि नवी नावे दिसणार ती मुदत संपल्यावरच. ज्याचे खाते सर्वांत जुने, त्याचा पहिला हक्क. त्याने मुदतीत नाव घेतले नाही तर ते जगात कोणालाही खुले. माझे खाते इतर तिघांच्या एक दिवस आधीचे होते. म्हणजे ‘उंद्री’ मी घेतले तर तिघांचे नाव माझ्या हाताने जाणार होते, आणि न घेतले तर कुणा परक्याच्या हाती. तीन आठवडे मी त्या दोन वाक्यांच्या मध्ये बसून होतो. नाव गेले की गट मोडेल, ही एकच भीती मला होती. बाकीचे तिघे गाव सोडून गेले होते. मी शिकून परत आलो होतो, अब्बांच्या डोळ्यांचे उपचार होईपर्यंत, दोन महिन्यांसाठी. त्याला आता तीन वर्षे झाली.

“आसिम, जरा सुई में धागा डाल दे,” अब्बा म्हणाले. मी धागा ओवून दिला आणि मागच्या अंगणात जाऊन फोन लावले.

प्रेरणा नागपूरला परिचारिका आहे. तिने सौजन्याने सांगितले की तिने तिचे नाव मागच्याच आठवड्यात बदलले, मी वाईट वाटून घेऊ नये. आणि अब्बांच्या डोळ्यांत औषध कोणते घालतो, ते विचारले. पुण्याला असलेल्या जीवनने फोन उचलला नाही. मलकापूरला हर्षलचे टायरचे दुकान आहे. त्याच्यामागे ट्रकांचा आवाज होता. मी सगळे नीट, क्रमाने मांडले. चौघांनी मिळून ठरवावे, असे म्हणालो.

“अबे, कायचं ठरवायचं?” तो हसला. “घेऊन टाक तूच. मले तं त्या खात्याचा पासवर्डबी आठवत नाही.”

“पण नाव चौघांचं होतं, हर्षल.”

“हाव, होतं.” त्याचा आवाज मवाळ झाला. “तू काऊन त्याले धरून बसून राह्यला बे? आमी तं कवाचे निघून गेलो. तुलेच राह्यचं हाय तिथं. तुह्यंच नाव हाय ते.”

त्याला गिऱ्हाईक आले. फोन बंद झाला.

पावणेबाराला मी ‘उंद्री’ घेतले. मंचाने अभिनंदन केले. बारा वाजल्यावर गट नव्या नियमाने उघडला आणि मागचे सगळे बोलणेही नव्या नावांनी मांडलेले दिसले. वरच्या, जुन्या पानांवर प्रेरणाचे नवे नाव होते, जीवनचे इंग्रजी नाव होते, आणि हर्षलच्या जागी मंचाने स्वतःच जोडलेली निरर्थक अक्षरे होती. त्यांच्या मधूनमधून मी, उंद्री.

मी खाली येत गेलो. प्रेरणाचे नाव विरळ होत संपले. मग जीवनचे, मग हर्षलची ती अक्षरे. त्यानंतर केवळ उंद्री, उंद्री, उंद्री. थांब्याजवळचा निंब तोडल्याची बातमी माझी होती. ‘अरेरे, कोणी तोडला’ हेही माझेच. ‘कसे आहात सगळे’ हे मी विचारले होते आणि चार दिवसांनी ‘मजेत’ हे उत्तर मीच दिले होते. कालपर्यंत नाव एकच होते, चित्र एकच होते, आणि आकडे पाहण्यासाठी मी कधी बोट ठेवले नव्हते.

गेल्या दिवाळीपासून त्या गटात मी एकटाच बोलत होतो.