दुसरी नळी

माझ्या गल्ल्यात दोनची नाणी टिकेनाशी झाली, तेव्हा मी आधी स्वतःलाच दोष दिला. वय झालं, चुकत असेन. पण एकची होती तेवढीच, पाचची होती तेवढीच, फक्त दोनची रोज गायब. चोर आला असता तर नोटा सोडून त्याने दोनचीच नाणी कशाला नेली असती? आणि दुकानाच्या किल्ल्या दोघींकडेच. एक माझ्याकडे, दुसरी ताईकडे.

माझं दुकान कपडे उसवून परत शिवायचं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा कोट सैल. दुकान खाली, घर वर, मधे सोळा पायऱ्या. घरात मी आणि माझी थोरली बहीण. माझा स्वभाव चौकस आहे. लोक भोचक म्हणतात, तो त्यांचा प्रश्न. या धंद्यात कपड्यावरून माणूस कळतो. उजवा खिसा फाटका म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, गुडघे झिजलेले म्हणजे घरात रांगतं मूल. पण सख्ख्या बहिणीचं काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि त्याचा मला राग येत होता.

ताई एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. तिच्या कमरेला एक नळकांडं असायचं. म्हणजे एका पट्टीवर शेजारीशेजारी उभ्या चार नळ्या, एकच्या, दोनच्या, पाचच्या आणि दहाच्या नाण्यांची एकेक. वरून नाणी भरायची. खाली प्रत्येक नळीला खटका. अंगठ्याने दाबला की एकच नाणं तळहातात पडतं, दुसरं जागेवरून हलत नाही. चालत्या बसमध्ये पाय फाकवून उभी राहून, नजर दारावर ठेवून, ती हाताकडे न बघता सुट्टे देत असे. निवृत्तीच्या दिवशी डेपोवाले म्हणाले, आता सगळं कार्डावर चालतं, हे तुम्हीच ठेवा. वर्षभर ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होतं. मग अचानक तिने ते पुन्हा कमरेला लावलं. रोज दुपारी साडेतीनला ती ते लावून बाहेर पडायची आणि पाचच्या सुमाराला परत यायची.

"कुठे जातेस गं?" मी विचारायची.

"पाय मोकळे करायला."

"पायांना सुट्टे लागतात का?"

ती चप्पल सरकवून निघायची. परत आली की मी गुपचूप नळ्या बघायची. पहिली भरलेली, तिसरी, चौथी भरलेली. दुसरी रिकामी. रोज.

एका सकाळी ती पट्टा घेऊन खाली दुकानात आली. "हे नळकांडं डावीकडे घे. पट्टा उसव आणि जागा बदल."

"एकतीस वर्षं उजवीकडे होतं ते."

"आता डावीकडे हवं. जमत नसेल तर सांग, दुसरीकडे देते."

मी उसवलं. उसवताना डोकं चालू होतंच. ताई उजव्या हाताची. नाणी डाव्या हाताने काढायची म्हणजे उजवा हात कशात तरी गुंतलेला असणार. कशात? त्यानंतर तीन दिवसांनी आणखी एक गोष्ट दिसली. ती घरी आली तेव्हा तिच्या उजव्या डोळ्याभोवती काळं अर्धवर्तुळ होतं, तव्याच्या काठासारखं. मी म्हटलं, तोंड पूस. तिने आरशात पाहिलं, पदराने खसाखसा पुसलं आणि विषय बदलला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड.

समोरच्या इस्त्रीवाल्याला मी सहज म्हणून सांगितलं. तो इस्त्री आपटत म्हणाला, "नाणी, ठरलेली वेळ आणि घरात सांगायचं नाही. जुगाराचं मशीन, दुसरं काय. माझ्या मेव्हण्याचं असंच सुरू झालं होतं."

मला ते खरं वाटायला लागलं. कारण ताईचं मन गेले पाच महिने ताळ्यावर नव्हतं, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं.

तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून टिल्लू. आता तो आमच्या दारातून वाकून आत येतो. ताईने डेपोत चार लोकांचे पाय धरून त्याला ड्रायव्हरची नोकरी मिळवून दिली, आणि या पठ्ठ्याने सहा महिन्यांत ती सोडून क्रेन चालवायचं शिक्षण घेतलं. इमारतीपेक्षा उंच असते ती, टोकाला काचेची केबिन असलेली क्रेन. भाऊजी रंगारी होते. टिल्लू सहा वर्षांचा असताना तिसऱ्या मजल्याच्या फळीवरून पडले आणि परत उठले नाहीत. त्यामुळे ताई काय म्हणाली असेल ते सांगायला नको. "त्या शिडीवर चढलास तर या घराची पायरी चढायची नाही." त्याने बॅग उचलली आणि गेला.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि इथे तर दोन्ही सुंभ एकाच काथ्याचे. तो दर रविवारी मला फोन करायचा. "मावशी, आई कशी आहे?" मी मुद्दाम मोठ्याने बोलायची, "काय म्हणतोस, नदीपलीकडची पिवळी क्रेन का?" ताई तेवढ्यात नळ सोडून भांडी विसळायला लागायची. ऐकू येत नाही असं दाखवायला धुतलेली भांडीसुद्धा विसळायची.

गुरुवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तिच्या मागे निघाले. ती बाजाराकडे वळली नाही, मशीनच्या दुकानांकडेही नाही. नदीकाठच्या बागेतल्या टेकडीवर गेली. वर कठड्यापाशी लोखंडी खांबावर बसवलेली एक मोठी दुर्बीण आहे. दोनचं नाणं टाकलं की दोन मिनिटं दिसतं, मग आतली झडप पडते. मुलं पूल बघतात, होड्या बघतात, आणि पैसे संपले की रडतात.

मी झाडामागे उभी राहिले. ताई दुर्बिणीपाशी पाय फाकवून उभी राहिली, बसमध्ये राहायची तशीच. उजवा हात दुर्बिणीवर, उजवा डोळा काळ्या रबराला चिकटलेला, आणि डावा हात कमरेच्या खटक्यावर. नाणं टाकायची फट डाव्या बाजूला होती. झडप पडल्याचा खट् असा आवाज आला की पुढचं नाणं आधीच फटीत असायचं. डोळा जागचा हलत नव्हता. पर्समध्ये चाचपडावं लागलं असतं तर मान वळली असती, दुर्बीण हलली असती, जे बघायचं ते पुन्हा शोधावं लागलं असतं. म्हणून नळकांडं, आणि म्हणून डावीकडे. माझं निम्मं कोडं सुटलं.

वीस नाणी संपल्यावर ती तोंड पुसून निघून गेली. मी धावत दुर्बिणीपाशी गेले. तिने सोडली तिथेच ती रोखलेली होती. हात न लावता मी माझ्या पाकिटातलं दोनचं नाणं टाकलं आणि डोळा लावला. नदीपलीकडे पिवळी क्रेन, तिच्यावर काचेची केबिन, केबिनमध्ये केशरी हेल्मेट घातलेला माणूस. छातीवरून आडवा सुरक्षेचा पट्टा. तो डाव्या हाताने पाव खात होता आणि उजव्या हाताने काच पुसत होता. टिल्लू. पाच महिन्यांनी दिसला, तोही पाव खाताना. मी तिथे एकटीच रडले. जुगाराचं मनात आणलं म्हणून इस्त्रीवाल्यावर नाही, स्वतःवरच चिडले.

घरी गेले तर त्याचाच फोन. रविवार नसताना. "मावशी, इमारत झाली. शनिवारपासून क्रेन उतरवायला घेणार. सोमवारी मी दुसऱ्या शहरात. तिकडचं काम तीन वर्षांचं आहे."

ताई वर होती. मी दुकानातून हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं. नळकांडं, दोनची नाणी, दुर्बीण. 

"ती आई आहे?" तो म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दुर्बीण माहीत होती. चारच्या उन्हात तिची काच चमकते. बाकीचे लोक इकडून तिकडे फिरवतात. ही चार वाजता माझ्यावर येऊन थांबते आणि पाऊण तास हलत नाही. मला वाटलं कंपनीने माझ्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवलाय." मग हळूच म्हणाला, "वर सगळे पट्टा सोडून बसतात, मावशी. गरम होतं. मी पाच महिन्यांत एकदाही सोडला नाही. त्या माणसाच्या भीतीने."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. मी म्हटलं, "शनिवारी ती येईल. तू ये."

"तिने पायरी चढू नको म्हटलंय."

"टेकडीवर जायला उताराची वाट आहे. पायरी एकही नाही."

तो येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही. तो आलाच नाही तर तीन वर्षं हे दोघं माझ्या तोंडून एकमेकांची खुशाली विचारत बसणार, आणि ताईचं वय काही थांबणार नाही. तीन वर्षं हा आकडा मला दोन रात्री जागवायला पुरला.

शनिवारी साडेतीनला मी दुकानाला कुलूप लावलं. "आज मी पण येते पाय मोकळे करायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "ये. पण बडबड करायची नाही."

टेकडीवर तिने पहिलं नाणं टाकलं, दुर्बीण वळवली आणि तिची पाठ ताठ झाली. खट्. दुसरं नाणं. खट्. तिसरं. तिचा अंगठा खटक्यावर इतका घट्ट रोवलेला मी बसमध्येही पाहिला नव्हता.

"नाहीये," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण काय विचारतेस? गुरुवारी झाडामागे उभी होतीस. चप्पल वाजते तुझी." ती डोळा न काढताच म्हणाली. "केबिन रिकामी आहे. खाली माणसं जमलीत. एवढी माणसं कशाला जमलीत?"

मी तिला सांगायला हवं होतं की क्रेन उतरवायला जमलीत, कुणी पडलेलं नाही. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात उताराच्या तोंडाशी तो दिसला. घामाने निथळत, हेल्मेट काखेत. आमच्यापासून दहा पावलांवर थांबला. पुढे यावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. मी हाताने खूण केली. तो तसाच उभा.

त्या दिवशी गल्ल्यात दोनची चारच नाणी निघाली होती. चौथंही गेलं. ताईने खटका दाबला. काही पडलं नाही. पुन्हा दाबला. मग डोळा न हलवता तिने डावा हात पाठीमागे माझ्याकडे पसरला. "दोनचं दे. लवकर. बंद पडेल."

मी पाकीट उघडलं, दोनचं नाणं काढलं, आणि तिच्या हातावर ठेवण्याऐवजी टिल्लूपुढे धरलं. तो दहा पावलं आला. नाणं घेतलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ मिटली, त्याच्या बोटांसकट. क्षणभरच. मग चाचपून नाणं फटीत टाकलं.

"तुझे हात एवढे खरखरीत कधी झाले गं?" ती मला म्हणाली.

"पाच महिन्यांपूर्वी," टिल्लू म्हणाला.

ती वळली नाही. डोळा रबराला तसाच चिकटलेला. पूर्ण दोन मिनिटं ती नदीपलीकडची रिकामी केबिन बघत राहिली, आणि आम्ही दोघं तिची पाठ बघत राहिलो. खट् झालं. तरी वळली नाही.

"पट्टा लावायचास ना रोज?"

"कंपनीचा माणूस बघतोय असं वाटायचं."

"मग बरोबरच वाटायचं." तिने विचारलं, "त्या शिडीला पायऱ्या किती?"

"चारशे ऐंशी."

"आणि आपल्या घराला?"

"सोळा."

"मोजल्या होत्यास कधी?"

"त्या दिवशी उतरताना."

"मग आता चढताना मोज," ताई म्हणाली आणि वळली. उजव्या डोळ्याभोवती ते काळं अर्धवर्तुळ होतंच, फक्त आज ते हनुवटीपर्यंत ओघळलं होतं.