शेजारची सीट

त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि डोळे मिटून घेतले. बाई गात होती, पण नेमकी कुठे गात होती ते कळत नव्हतं. तिचा आवाज दारात कोंबल्यासारखा एकाच कानाशी येत होता, पियानो लांब कुठेतरी ड्रायव्हरच्या बाजूला वाजत होता, आणि पायाशी नुसती धबधब चालली होती. त्याने डोळे उघडून खात्री करून घेतली. गाडी तीच होती, कचेरीच्या तळघरात उभी असलेली, तीस स्पीकरची. तासाभरापूर्वी ड्रायव्हरच्या जागेवरून त्याने तिला दहापैकी साडेनऊ गुण दिले होते. फक्त आता तो शेजारच्या सीटवर बसला होता.

गाड्यांच्या मासिकात सोळा वर्षं तो हेच करत आला होता. महागड्या गाड्यांना कारखान्यातूनच जी ध्वनियंत्रणा बसवून येते ती ऐकायची, एकीला दुसरीशी ताडून पाहायचं आणि कोणती सरस ते लिहायचं. कचेरीत त्याला कानसेन म्हणत, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चिडवायला. त्याची पद्धत ठरलेली होती. गाणं एकच, एका बाईने नुसत्या पियानोवर म्हटलेलं. काचा बंद, एसी बंद. मग ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि पडद्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र दिसतं, त्यातला पांढरा ठिपका बोटाने ओढून आपल्या सीटवर आणायचा. ठिपका जिथे असेल तिथे आवाज जुळून येतो. गाडी चांगली असेल तर बाई अगदी समोर, काचेच्या मधोमध उभी राहून गाते. तशी ती उभी राहिली की तो खूश व्हायचा आणि उरलेल्या तीन सीटांचा विचार त्याच्या मनालाही शिवायचा नाही.

या खेपेला नव्या संपादक बाईंनी फाटे फोडले होते. एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आमच्या गाडीत आम्ही चौघं असतो आणि तुमचे गुण मात्र कायम एकट्याचे. बाईंनी ते पत्र त्याच्या टेबलावर ठेवलं आणि या अंकातल्या तिन्ही गाड्यांना प्रत्येक सीटचे वेगळे गुण हवेत म्हणून सांगितलं. तो मनातल्या मनात चरफडला. पहिल्या दोन गाड्यांत त्याने बाकीच्या सीटांचे गुण अंदाजपंचे टाकून दिले होते. ही तिसरीही तशीच उरकली असती, पण आज दुपारी चार वाजता या सीटवर त्याची बायको बसणार होती.

आठ महिन्यांपूर्वी ती तिच्या मोठ्या बहिणीकडे राहायला गेली होती. भांडण असं झालंच नव्हतं. तिने बॅग भरली, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि म्हणाली, इथे मी असले काय नि नसले काय, तुला सारखंच. तेव्हा त्याला ते खोटं वाटलं होतं, पण खोटं आहे असं म्हणायलाही तो पटकन उठला नव्हता. तिच्यामागे घर त्याला खायला उठे. ज्याचं पोट आवाजावर चालतं तो माणूस घरी गेल्यावर गाणं लावत नसे, लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का याकडे कान लावून बसे. काल तिच्या बहिणीचा फोन आला, की उद्या हिचा मोतीबिंदू काढायचाय, गाडी चालवणारं घरात कुणी नाही, भाऊजी, तुम्हाला जमेल का. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हो म्हणाला होता. दवाखान्यातून निघाल्यावर तिला सरळ म्हणायचं, आपल्या घरी चल, असं त्याने रात्रीतून तीन-चार वेळा ठरवलं होतं.

म्हणून तो तिच्या जागेवर बसून पाहत होता. आणि बसल्यावर त्याला तिचं बोलणं आठवलं.

लग्नानंतरच्या वर्षांत गाडीत शेजारी बसून ती सांगायची, की मला नुसती धबधब ऐकू येते, बाई कुठे गाते तेच समजत नाही. तो हसायचा. कान तयार करावा लागतो, म्हणायचा. पुढे त्याने हा विनोद सदरातही घेतला. ‘आमच्या घरच्या बहिऱ्या परीक्षक’ या नावाने ती अधूनमधून लेखात यायची, प्रत्येक गाडीला धबधब म्हणायची आणि वाचकांना फार आवडायची. कुणी कुणी तर पत्रातून तिची विचारपूस करत. काही वर्षांनी तिने गाण्याबद्दल बोलणंच सोडलं, खिडकीबाहेर बघत बसू लागली. त्याने मानलं, की हिला यात रस नाही.

घरच्या गाडीतही हा ठिपका होता. गाडी दारात आली त्याच दिवशी त्याने तो स्वतःच्या सीटवर आणून ठेवला होता आणि मग अकरा वर्षं पडद्याच्या त्या पानावर पुन्हा गेला नव्हता. जी गोष्ट तो परक्या गाड्यांत रोज करत होता, ती एवढी सवयीची होती की गाडीत दुसरं कुणी असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. कानाच्या पाळ्या तापेपर्यंत लाज वाटली.

त्याने हात लांब करून ठिपका शेजारच्या सीटवर आणला. बाई दारातून निघाली आणि समोर येऊन उभी राहिली. दुसरं कडवं उचलण्याआधी ती श्वास घेते, तोसुद्धा स्वच्छ ऐकू आला. त्याने ठिपका तिथेच राहू दिला, सीट थोडी मागे कलती केली आणि साडेतीनला गाडी बाहेर काढली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दोघी बहिणी उभ्या होत्या. बायकोच्या एका डोळ्यावर पट्टी होती. आठ महिन्यांत ती थोडी वाळली होती, की त्यालाच तसं वाटलं कुणास ठाऊक. तो लगबगीने उतरला आणि पुढचं दार उघडून उभा राहिला. तिने दाराकडे पाहिलं, मग गाडीकडे. डॉक्टरांनी मान टेकून बसायला सांगितलंय, मी आपली मागेच बसते, असं म्हणून ती मागचं दार उघडून आत गेलीसुद्धा. उघड्या दारातून पुढे बसली ती ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन.

तो गाडी चालवू लागला. काही बोलणं सुचेना, म्हणून त्याने गाणं लावलं. ताई चकित झाली. केवढं गोड वाजतंय, म्हणाली, अगदी इथे समोर बसून कुणी गातंय. नवऱ्याला कान आहे हो तुझ्या, असं तिने मागे वळून बहिणीला सांगितलं. आरशात त्याला दिसलं, ती पट्टी नसलेल्या डोळ्याने खिडकीबाहेर पाहत होती.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने पडद्यावर चित्र आणलं आणि ठिपका बोटाने हळूहळू मागच्या सीटवर सरकवला. पुढचा आवाज एकदम विस्कटला.

“आता का बिघडवलंत?” ताई म्हणाली. “चांगलं चाललं होतं की.”

“राहू दे गं,” मागून ती म्हणाली. “आता इकडे आलंय.”

सिग्नल सुटला. घरी चल म्हणायचं ते वळण आलं आणि गेलं. ताईसमोर त्याची जीभ उचलली नाही, आणि खरं सांगायचं तर ताई शेजारी नसती तरी उचलली असती असं नाही. तो मुकाट्याने ताईच्या घराकडे वळला.

इमारतीपाशी ताई पिशवी घेऊन उतरली आणि अंथरूण घालते, तू सावकाश ये, असं सांगून वर गेली. गाणं अजून थोडं बाकी होतं.

“संपू दे,” ती म्हणाली.

तो पुढे बसून राहिला. त्याच्यापर्यंत येत होता तो आवाज पाठमोरा आणि गढूळ होता. वळून बघावं असं त्याला फार वाटलं, पण बघितलं तर ती उतरेल या भीतीने त्याने स्टिअरिंगवरचे हातसुद्धा हलवले नाहीत. गाणं संपलं.

“कडवं घ्यायच्या आधी ती श्वास घेते,” ती म्हणाली. “छान घेते.”

त्याने मान हलवली. मग तिने सांगितलं, की परवा दहा वाजता तपासणीला जायचंय. तिने ये म्हटलं नाही, पण सांगितलं. तो घाईघाईने म्हणाला, की येतो, ही गाडी उद्या परत जाईल, आपली घेऊन येतो.

“आपल्या गाडीत होतं का रे हे असं?”

नाही म्हणणं सोपं होतं. गाडी जुनी होती, तिला पटलं असतं, आणि परवाचे दहा पक्के झाले असते.

“होतं,” तो म्हणाला. “घेतली तेव्हापासून होतं. मी ते माझ्याच सीटवर ठेवलं होतं.”

मागे दाराचा खटका वाजला. ती जपून उतरली आणि उघडं दार धरून उभी राहिली. तो आता वळला. तिच्या उघड्या डोळ्यात राग नव्हता, आणि राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“मी कान तपासून घेतले होते,” ती म्हणाली. “दोनदा. तुला कधी सांगितलं नाही.”

तिने दार लावलं आणि भिंतीला हात लावत ती जिन्याकडे गेली.