दोनशे सतराव्या पानापासून पुढे

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. खरे सांगायचे तर पुस्तकाचा मागचा अर्धा भाग. माझी सुरुवात दोनशे सतराव्या पानावर, ऐन गोळीबारात होते. एका गुप्तहेराच्या लांबलचक मालिकेतले मी तेविसावे. देशोदेशी बॉम्ब पेरणारी टोळी आणि तिच्या मागावर तो एकटा. भांडण कशावरून पेटले, ते पहिल्या अर्ध्याला ठाऊक.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने मला विकत घेतले, तेव्हा मी अखंड होते. पण त्याला आणि त्याच्या लेकीला, दोघांनाही दम धरवत नसे. नवे पुस्तक आले की तो पात्याने त्याचे दोन भाग करी. पहिला भाग लेक भराभर संपवून वडिलांना देई आणि दुसरा स्वतः घेई. नियम एकच: पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचे नाही. लिफ्टचा दोर तोडून गुप्तहेर निसटला, की वडील ओरडत, "अरे, लिफ्ट काय एका दोरावर लटकते? चांगले पाच असतात!"

पुढे हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना दवाखान्यात ठेवले. आदल्या दुपारी लेक भेटायला आली.

"झाला गं वाचून. दुसरा दे."

"घरी राहिला, बाबा. उद्या आणते."

मी तिच्या पिशवीतच होते. तिची तीन प्रकरणे उरली होती.

"लबाड! तुझा संपला नसेल. बरं, फितूर कोण, तेवढं तरी सांग."

"नियम तुमचाच आहे."

ते हसले. "ठीक. पण सकाळी लवकर ये. नाहीतर मला भूल चढायची नाही."

त्या संध्याकाळी सह्या आणि कागदपत्रांत तिने मला उघडलेच नाही. सकाळी आम्ही पोचलो, तर ऑपरेशनची वेळ अलीकडे आणून त्यांना आत नेले होते. ते परत आले नाहीत.

आता आम्ही दोन्ही भाग एकाच कपाटात आहोत. बाइंडर म्हणाला, "ताई, शिवून देतो, नव्यासारखं होईल." ती म्हणाली, "राहू दे."

मित्रांनो, पुस्तकांवरची धूळ झटका, त्यांना ओलीपासून जपा. पण घरात कुणी पुस्तक मागितले, तर तुमचे वाचून व्हायचे असले तरी आधी त्याला द्या. प्रकरणे कुठे पळून जात नाहीत. माझी शेवटची तीन अजून तशीच आहेत.