शहात्तर अंश

रविवारी सकाळची पहिली मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आटोपून एटेल हुडाक चर्चच्या कपड्यांतच तळ्यावर आली, तेव्हा पाण्यावर मासे उताणे तरंगत होते. आधी तिला वाटलं, वाऱ्याने कागदाचे कपटे उडून पडलेत. मग एक कपटा काठाला येऊन टेकला आणि तिला त्यावर डोळा दिसला.

सत्तेचाळीस. फळकुटांच्या धक्क्यावर उभी राहून तिने दोनदा मोजले. हातभर लांबीचे, अंगावर गुलाबी पट्टा असलेले, गार पाण्यातच जगणारे ट्राउट. आठवडाभरापूर्वी टाकीच्या ट्रकमधून सळसळत तळ्यात उतरले होते, तेव्हा ती इथेच उभी होती.

ती पाटीकडे वळली. मासेमारीच्या क्लबच्या फाटकाशी काळी पाटी टांगलेली असते आणि तिच्यावर रोज सकाळी खडूने पाण्याचं तापमान लिहिलं जातं. एमिलने, तिच्या नवऱ्याने, हा रिवाज पाडला. पाणी अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर गेलं की फाटकावर लाल फडकं, आणि त्या दिवशी गळ टाकायचा नाही. कुणीच नाही, क्लबच्या अध्यक्षानेही नाही. एमिल गेल्यापासून नऊ वर्षं एटेलच दोरीला बांधलेला तापमापक धक्क्यावरून पाण्यात सोडत आली होती. आजारपणातसुद्धा एक दिवस चुकला नव्हता. काल सकाळी तिने शहात्तर लिहिलं, फडकं लावलं आणि क्लबची दोन दिवसांची गळाची स्पर्धा रद्द झाली असं समजून चर्चच्या तळघरात दिवसभर पिरोगी वळत बसली. चारशे पिरोगी, बटाट्याचं सारण भरून.

पाटीवर आता सहासष्ट होतं.

दुसरा सहा तिचाच होता. पहिला नव्हता. तिचा सात नेहमी मध्ये आडवी रेघ मारलेला असायचा, तिची आई लिहायची तसा. तो बोटाने पुसून तिथे कुणीतरी गोलमटोल सहा काढला होता. लाल फडकं नीट घडी करून पाटीच्या मागे खोचलेलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घडी घातली होती! फेकून दिलं असतं तरी चाललं असतं तिला.

फाटकात रे यांचिकची गाडी थांबली. क्लबचा अध्यक्ष. मागच्या बाजूला दंताळं आणि पोती होती, म्हणजे त्याला ठाऊक होतं.

"एटेल! मिसेला होतीस ना?"

"होते. तू नव्हतास."

"अगं, आज दुसरा दिवस, धावपळ आहे." तो पोती काढू लागला. "बरं झालं आलीस. नऊच्या आत हे उचलून टाकू. पलीकडे खड्डा खणलाय मी."

"खड्डा कधी खणलास?"

रे पोती झटकू लागला.

"काल रात्रीच ना? म्हणजे मरणार हे तुला माहीत होतं."

"आम्ही एकही मासा मारला नाही, एटेल. एकूणएक सोडून दिला. नियमच तसा ठेवला होता. पकडायचा, मोजायचा, सोडायचा."

"मारला असतात तर बरं झालं असतं. कुणाच्या तव्यावर तरी गेला असता." तिचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे, म्हणून लोकांना तिचा राग उशिरा कळे. "गरम पाण्यात त्याला आधीच श्वास पुरत नाही. त्यात तुम्ही त्याला गळावर पाच मिनिटं नाचवता, वर काढता, फोटो काढता. मग तो शेपटी हलवत जातो आणि तुम्ही टाळ्या वाजवता. रात्री तळाशी जाऊन मरतो, तेव्हा तुम्ही घरी असता. एमिलने तुला हे शिकवलं नव्हतं?"

"एमिल, एमिल! एप्रिलात रस्ता वाहून गेला, माशांचा ट्रक ऐन उन्हाळ्यात आला, तो दोष माझा? क्लबचं पंचाहत्तरावं वर्ष आहे. लोक लांबून आलेत. दोन अंश इकडेतिकडे—"

"दहा. शहात्तरचे सहासष्ट केलेस."

रेने दंताळं उचललं. "उरलेले तर जिवंत आहेत ना! झऱ्याच्या तोंडाशी बघ. दोनशे तरी असतील. आज सगळे गळ घेऊन तिथेच उभे राहणार आहेत."

तीच तर तिला भीती होती. तळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, विलोच्या झाडाखाली, डोंगरातला झरा तळ्यात उतरतो. त्याचं पाणी भर उन्हाळ्यात दात शिवशिवतील इतकं गार. जिवंत उरलेले सगळे मासे तिथे गाडीच्या डब्यातल्या माणसांसारखे खेटून उभे होते. कुणी हात लावला नाही तर सप्टेंबरपर्यंत तगणार होते. आज तिथे गळ पडले तर उद्या एकही उरणार नव्हता.

"स्पर्धा बंद कर."

"नाही करता येणार."

"बरं," एटेल म्हणाली. तिने रेच्या हातातलं पोतं घेतलं. तो सुटकेचा श्वास टाकून गाडीकडे वळला.

तिने मासे पोत्यात भरले, पण खड्ड्याकडे गेली नाही. मासे तोलायच्या लांब टेबलावर, बक्षिसाच्या चषकांसमोर, एकेक मासा तिने आडवा मांडला. डोकी एका बाजूला. रे धावत आला तोवर तीस झाले होते.

"काय करतेयस? लोक येतील आता!"

"येऊ देत."

"वास सुटलाय त्यांना!"

"हो."

लोक आले. गळाच्या काठ्या, पेट्या, घडीच्या खुर्च्या घेऊन हसत आले आणि टेबलापाशी थबकले. म्हातारा लिओ वार्गा, ज्याने एमिलबरोबर हा धक्का ठोकला होता, त्याने टोपी मागे सरकवली.

"रे, आज बक्षीस कुणाला? सगळ्यात जड माशाला, की सगळ्यात मेलेल्याला?"

कुणी हसलं नाही. कॅसी नावाची एक तरुण मुलगी पुढे आली. तिने एका माशाच्या जबड्याला बोट लावलं. तिथे पिवळ्या धाग्याचा इवलासा गळ तुटून अडकला होता.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "मी पाण्यात धरून ठेवला होता त्याला. हळूच सोडला. पोहत गेला तो!" तिने वर पाहिलं. "मिसेस हुडाक, पाटीवर तर सहासष्ट होतं. तुम्ही लिहिता म्हणून आम्ही कुणी पुन्हा बघतसुद्धा नाही."

एटेलला हे सगळ्यात जास्त लागलं. मासे मारले ते मारले, तिच्या हाताने मारले.

"मी शहात्तर लिहिलं होतं," ती म्हणाली. "पुसलं कुणी ते अध्यक्षांना विचार."

सगळे रेकडे पाहू लागले. रे चषक उगीच सरळ करत राहिला. गर्दीतला एक दांडगा माणूस मात्र कंटाळला. "हे तुमचं आपापसात बघा. मी तीन तास गाडी हाकून आलोय." आणि तो काठी खांद्यावर टाकून विलोकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे निघाले.

एटेल त्यांच्याआधी पोचली. बूट काढायचंही तिला सुचलं नाही. चर्चच्या निळ्या कपड्यांत ती झऱ्याच्या तोंडाशी पाण्यात उतरली, गुडघ्यांपर्यंत, आणि वळून उभी राहिली. मासे दचकून पांगले, पण जायला दुसरी जागा नव्हती. परत आले आणि तिच्या पोटऱ्यांना घासत उभे राहिले.

"बाई, बाजूला व्हा. गळ लागेल."

"लागू दे. फक्त लागला की मला सोडून देऊ नकोस. माशांना तसंच सोडून देता ना तुम्ही?"

माणसाने काठी उचलली, मग लिओकडे पाहिलं. लिओ काठावर येऊन खुर्ची उघडून बसला होता, पाण्याकडे पाठ करून. कॅसी त्याच्याशेजारी गवतातच बसली. माणूस काहीतरी पुटपुटला आणि गळाची दोरी गुंडाळू लागला.

रे काठाशी आला. चेहरा लालबुंद. "झालं मनासारखं? ये आता बाहेर. पाय गारठतील."

"पाटीवर आकडा लिही."

"लिहितो मग."

"आत्ता. तुझ्या हाताने. सगळ्यांदेखत."

तो गेला. इथून तिला त्याची पाठ दिसत होती. त्याने बाहीने पुसलं, लिहिलं, लाल फडकं उलगडून फाटकाला बांधलं. लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले. कुणी तिचा निरोप घेतला नाही, आणि तिलाही तो नको होता.

"लिहिलं!" रे तिथूनच ओरडला. "आता तरी ये!"

एटेल हलली नाही. गार पाण्याने पाय बधिर झाले होते, पण डोकं अजून तापलेलंच होतं. शनिवारी चर्चमध्ये फादरांसमोर पापांची कबुली देताना राग आला होता हे ती सांगणार होतीच. पश्चात्ताप झाला असं सांगणं तिला जमणार नव्हतं.

"फाटकाला कुलूप घाल," ती म्हणाली. "आणि किल्ली इथे आणून दे."