बाबांच्या घराचा हरवलेला पत्ता

धाकटीने लॅपटॉपवर 'बाबा-घरी' हे नाव सहाव्यांदा टाइप केलं आणि सहाव्यांदा तेच झालं. घरातल्या कॅमेऱ्याचं चित्र यायचं सोडून ऑफिसच्याच राउटरचं पान पासवर्ड मागत उघडलं. आता काय म्हणावं या कर्माला! घरी बाबा एकटे. खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन आठवडे झालेले. वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि जिन्याचं तर नावच काढायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी. फोनची रिंग वाजत होती, पण उचलतंय कोण!

अकरा वाजून गेले. कामासाठी उघडलेल्या पाणीपुरवठ्याच्या नकाशात तिने एकाच पाइपवर तीनदा व्हॉल्व्ह काढला आणि तीनदा पुसला. पडले असतील का? बाथरूममध्ये? शेजाऱ्यांना फोन केला तर ते गावाला गेलेले. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"अगं, पायाला भिंगरी लागलीय का?" नेटवर्क सांभाळणारे गुरुजी म्हणाले. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण समजावून सांगायची भारी हौस.

तिने घडाघडा सगळं सांगितलं. घराचा इंटरनेटचा पत्ता सारखा बदलतो, म्हणून तिने एक कायमचं नाव घेतलं होतं. एक छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी नवा पत्ता त्या नावाला कळवायचा. ती कुठूनही नाव टाकायची की बाबा दिसायचे. काल संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं.

"प्रोग्रॅम कुठे टाकलायस?"

"ह्याच लॅपटॉपवर. हा घरीच असतो एरवी. आज माझा इथला कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आणला..."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! तो बिचारा इमानेइतबारे कळवतोय, मी इथे आहे म्हणून! लॅपटॉप ऑफिसात, म्हणजे तुझ्या नावाच्या लेखी घरही ऑफिसात."

कालचा पत्ता तिने टाकून पाहिला. काहीच उघडलं नाही, तोही बदलला होता. आजचा पत्ता घरी जाऊनच कळणार होता. लॅपटॉप तसाच उघडा टाकून ती पळाली. टॅक्सीत प्रत्येक सिग्नलला तिने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले होते. बाहेर जायचा शर्ट, पायात बूट, नाड्या सुटलेल्या, चेहरा पांढराफटक. वॉकर वरच राहिला होता.

"बाबा! अहो, वेड लागलंय का तुम्हाला? कोणाला विचारून उतरलात?"

"तू बघायला लागलीस की त्या कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागतो," बाबा धापा टाकत म्हणाले. "आज लागलाच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. म्हटलं, पोरीचं काही बरंवाईट तर झालं नाही? तो मोबाइल कुठे कोकलत होता देव जाणे, सापडेचना. मग निघालो."

"कुठे निघालात?"

"तुझ्या ऑफिसला."

"माहीत तरी आहे का तुम्हाला, कुठे आहे ते?"

"कुठून माहीत असणार? सात वर्षांत कधी सांगितलंस?"

तिला रडू फुटलं. बाबा कण्हत थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी तिला पायरीवर जागा करून दिली.