रिंगबाहेरचा हात

पावडरीचा आणखी एक थर चढला, तरी डोळ्याखालचा काळानिळा डाग दबेना. मेकअपवाली हळहळली. "सरावात लागलं का हो?"

"हो," चिवटताई म्हणाली आणि लगेच तिला आपली जीभ चावावीशी वाटली. "पण नीट झाका, बाई. आधीच लोक आमच्या खेळाला नावं ठेवतात."

नावं ठेवायला निमित्तही मिळालं होतं. गेल्याच महिन्यात बॉक्सिंगच्या रिंगमध्ये एका मुलीचा जबडा फुटला, दात रक्तासकट खाली सांडले आणि ते घराघरांत दिसलं. आईबापांनी पोरींना क्लबातून ओढून नेलं. क्लबाला टाळं लागायची वेळ आली, तेव्हा खेळाची बाजू मांडायला कोचने चिवटताईला, या इस्त्रीवालीला, टीव्हीवर धाडलं. दिवसभर कपडे, संध्याकाळी ठोसे, असं तिचं आयुष्य. मार खाऊनही पडत नाही म्हणून पोरी तिला चिवटताई म्हणत.

दिव्यांखाली निवेदकाने हसत विचारलं, "घरी मिस्टर टरकून असतील तुम्हाला?"

कालच या मिस्टरांनी केस धरून तिचं तोंड कपाटावर आपटलं होतं. कारण काय, तर शर्टाचं बटण तुटलेलं.

"छे हो! आमच्या क्लबात नियम आहे. रिंगबाहेर जिने हात उचलला, तिला पुन्हा ग्लोव्ह्ज नाहीत. समोर कोणी का असेना. रिंगमध्ये पडलेल्याला कोणी मारत नाही, घंटा झाली की थांबतात. बाहेर एवढं कोण पाळतं?"

शेवटचं वाक्य तिने ठरवलं नव्हतं. ते तोंडून निसटलं.

बाहेर येते तोच कोचचा फोन. "जिंकलीस गं! पोरींचे आईबाप परत विचारायला लागलेत!" ती हरखून गेली.

नवऱ्याने मुलाखत गॅरेजमध्ये चारचौघांत पाहिली होती आणि मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. संध्याकाळी दार लावून त्याने आधी तिच्या पोटात लाथ घातली.

"बाहेर कोण पाळतं, काय? अब्रू घालवतेस माझी?"

ती भिंतीवर आदळली. तोंडात रक्ताची चव आली. तिची मूठ आपोआप वळली. एक ठोसा पुरला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ग्लोव्ह्ज गेले, तर आपलं म्हणावं असं तिच्याकडे काहीच उरणार नव्हतं. त्याने सगळा जोर लावून ठोसा फेकला. चुकवता आला नाही तर कपाळावर घ्यायचा, तिथलं हाड सगळ्यात टणक, हे ती पोरींना रोज शिकवायची. तिने हात खालीच ठेवले आणि कपाळ पुढे केलं.

कडकन आवाज झाला. मोडली ती त्याची बोटं.

तो हात पोटाशी धरून गुरासारखा ओरडत खाली बसला. कपाळावरचं रक्त पुसत तिने आपल्या सरावाच्या पट्ट्या काढल्या आणि त्याचा हात घट्ट बांधला. ती जवळ सरकली की तो अंग चोरत होता.

"चल, दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"तू... जेवलीस का?" त्याने चाचरत विचारलं.

लग्न झाल्यापासून त्याने हे कधी विचारलं नव्हतं. लाथेने न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.