अल्गोतची शंभरावी पिशवी

"सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही," अल्गोत नूरबॅक म्हणाला, "पण माझ्या रक्तातल्या पेशी मरतच नाहीत. पेन्शनीवर जातात."

शेलेफ्तिओ गावच्या रक्तकेंद्रातल्या कॉफीच्या टेबलाशी तो छाती पुढं काढून बसला होता. वय एकोणसत्तर, धंदा सुताराचा, आजवर दिलेल्या पिशव्या नव्याण्णव. चाळीस वर्षांत त्यानं आपल्या वेळेची रक्तदानाची खुर्ची एकदाही रिकामी जाऊ दिली नव्हती. आज शंभरावी होती, आणि दहा मिनिटांपूर्वीच परिचारिका इल्वानं थेंब तपासून त्याला माघारी धाडलं होतं. हिमोग्लोबिन कमी.

"लोहाच्या गोळ्या कशाबरोबर घेतल्यास?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"कॉफीबरोबर."

"सगळ्या?"

"मग काय नुसत्या पाण्याबरोबर? मी घोडा आहे का?"

कॉफीनं गोळीतलं लोह अंगी लागत नाही, हे दर खेपेला बजावणाऱ्या इल्वानं कपाळाला हात लावला. अल्गोतनं शर्टाची बाही खाली ओढून बटण लावलं. पण खुर्ची रिकामी जाणार, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

तेवढ्यात त्याला टुवा दिसली. लाकडं वाहणारा ट्रक चालवणारी धिप्पाड बाई, पहिल्यांदाच रक्त द्यायला आलेली, आणि आता कोट चढवून दाराकडं बघत बसलेली.

"सुईची भीती?" त्यानं विचारलं होतं.

"सुईची नाही रे. पिशवीत पांढऱ्या पेशी मरतात, फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए सुट्या धाग्यांसारखा रक्तात तरंगतो, असं वाचलंय. तो घेणाऱ्याच्या अंगात दाह उठवू शकतो म्हणे. माझ्यामुळं कुणाचं वाईट झालं तर?"

"वाचलंस ते खोटं नाही," अल्गोत म्हणाला. थाप मारण्याआधी दोन खऱ्या गोष्टी सांगाव्यात, हा त्याचा नेम. "म्हणून तर पांढऱ्या पेशी आधीच गाळून काढतात, कॉफी गाळावी तशा. उरलेले धागे किती, पिशवी किती दिवस ठेवावी, हे मोजणारी माणसं बसलीत. तुझं काम हात पुढं करायचं."

आणि मग त्या पेन्शनीतल्या पेशींची थाप निघाली.

"ऊमिओच्या विद्यापीठातून एक संशोधक बाई आली होती. माझी पिशवी तिनं सहा आठवडे ठेवली. धागा? एक नाही! यंत्र बिघडलं म्हणून दुसरं आणलं, तेही बिघडलं म्हणाली. शेवटी ते रक्त कंबर मोडलेल्या एका म्हातारीला दिलं. पाचव्या दिवशी बाई स्कीवर चढली ती थेट फिनलंडच्या हद्दीवर थांबली. तेही कॉफीची वेळ झाली म्हणून."

"कुणाला दिलं ते कळत नाही," टुवा हसू दाबत म्हणाली. "फोनवर नुसता निरोप येतो, रक्त वापरलं म्हणून. नाव नसतं."

"नाव नव्हतंच. पण इतक्या वेगानं जाणारी दुसरी कोण असणार?"

टुवानं कोटाची बटणं सोडली. अल्गोतला चेव चढला.

"आणि आत्ताच शंभरावी देऊन आलोय! सगळ्या ह्याच उजव्या हातानं. डाव्याला कधी सुई शिवली नाही. बघ, खूण बघ!" त्यानं अभिमानानं बाही कोपराच्या वर सारली. नव्याण्णव सुयांनी पाडलेला तो इवलासा खळगा दिव्याखाली चकाकला.

"टुवा!" आतून इल्वानं हाक मारली. "एक खुर्ची मोकळी आहे, येतेस?"

"आले!" टुवा उठली. कोट तिनं अल्गोतच्या मांडीवर टाकला, दोन पावलं गेली आणि वळली. रक्त देऊन टेबलाशी सँडविच खात बसलेल्या चौघांकडं तिनं पाहिलं. चौघांच्याही कोपराला निळी पट्टी करकचून बांधलेली. मग तिनं त्या उघड्या खळग्याकडं पाहिलं.

"ए थापाड्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझी पट्टी कुठाय? शंभरावी तू दिलेलीच नाहीस. ती मोकळी खुर्ची तुझीच आहे!"